कन्व्हर्टिबल घेताना कापडी टप घ्यावा की घडीचा हार्डटॉप?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्हाला वापरलेली, दोन सीटची कन्व्हर्टिबल, म्हणजे टप उघडता येणारी गाडी, घ्यायची आहे. एकाच मॉडेलच्या, एकाच इंजिनाच्या, दहा वर्षांपेक्षा जुन्या दोन गाड्या समोर आहेत. एकीला कापडी टप आहे, दुसरीला बटण दाबल्यावर घडी होऊन डिकीत जाणारा हार्डटॉप. हार्डटॉपवाला विक्रेता सांगतो की ही घेतलीत तर कूपे (पक्क्या टपाची दोन दारांची गाडी) आणि कन्व्हर्टिबल दोन्ही एकाच गाडीत मिळतील. कापडाबद्दल तुम्हाला तीन गोष्टींची धास्ती आहे: पाणी गळेल, आवाज येईल आणि कोणीतरी ब्लेड मारून आत हात घालेल. गाडी रोज वापरायची आहे आणि ती बहुतेक वेळ उघड्यावर उभी राहणार आहे.

मी कन्व्हर्टिबलच्या टपांचंच काम करतो. कापड बदलणं, रबरं बसवणं, पंप आणि सिलिंडर दुरुस्त करणं, गळती शोधणं, हे रोजचं. दोन्ही प्रकारच्या गाड्या हाताखालून जातात. त्यावरून सांगतो, ‘कुठला टप चांगला’ असं विचारलंत तर उत्तर मिळणार नाही. टप उघडला की, डिकीची जागा सोडली तर, दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच. खरा फरक टप बंद असतानाचा आहे, आणि उघड-बंद होतानाचा. म्हणून विचारायचं ते असं: टप बंद करून ही गाडी कुठे आणि किती वेळ उभी असेल, आणि तुम्ही तो किती वेळा उघडाल?

हे दोन आकडे प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यामुळे माझं उत्तर तुमच्या बाजूने झुकेल आणि दुसऱ्या कोणाला उलटं लागू पडेल. छपराखाली उभी राहणारी आणि सुट्टीच्या दिवशी निघणारी गाडी वेगळी, आणि वर्षभर ऊन-पाऊस-धूळ खात उभी असणारी गाडी वेगळी. गाडीचं वय हाही मोठा मुद्दा आहे. नव्या गाडीत मी जे निवडेन तेच दहा वर्षांच्या गाडीत निवडेन असं नाही.

‘हार्डटॉप म्हणजे पुढचं तंत्र आणि कापड म्हणजे जुनं’ ही समजूत आधी बाजूला ठेवा. घडी होणारा पत्र्याचा टप १९३० च्या दशकातच पूजोच्या ‘एक्लिप्स’ गाड्यांवर आला होता. त्याची कल्पना जॉर्ज पॉलँ या फ्रेंच माणसाची, जो पेशाने दंतवैद्य होता. फोर्डने १९५७ ते १९५९ मध्ये ‘स्कायलाइनर’ विकली. तिचा अख्खा पत्र्याचा टप मोटरी, रिले (विजेवर चालणारे स्विच) आणि हालचाल कुठे थांबवायची ते सांगणारे लिमिट स्विच यांच्या जोरावर डिकीत जायचा. तीन वर्षांत ती बंद झाली. हार्डटॉप सगळीकडे दिसायला लागले ते १९९६ च्या मर्सिडीज एसएलकेनंतर. पुढची पंधरा-वीस वर्षं ती लाट होती, आणि नंतर ओसरली. बीएमडब्ल्यूची झी-फोर आधी कापडी होती, २००९ मध्ये हार्डटॉप झाली आणि २०१८ मध्ये पुन्हा कापडावर आली. त्यांची ४ सिरीज २०२१ च्या पिढीत कापडावर परतली. मर्सिडीजची एसएल २००१ पासून हार्डटॉप होती, तीही २०२१ मध्ये कापडावर आली. ज्या कंपन्यांनी हार्डटॉप लोकप्रिय केले त्याच मागे फिरल्या, आणि त्यामागे हिशोब होता: वजन, जागा आणि गुंतागुंत.

जागेचा हिशोब ४ सिरीजमध्ये स्पष्ट दिसतो. हार्डटॉप असलेल्या आधीच्या गाडीची डिकी टप बंद असताना ३७० लिटर आणि उघडल्यावर २२० लिटर होती. नवीन कापडी गाडीत हेच आकडे ३८५ आणि ३०० आहेत. टपाचं वजनही आधीच्यापेक्षा ४० टक्क्यांनी कमी झालं. लिटरमध्ये मोजलं तरी एक गोष्ट सुटते. हार्डटॉपची घडी डिकीत तरंगत असते आणि सामान तिच्या खालून सरकवावं लागतं. मऊ पिशवी जाते, चौकोनी बॅग अडकते. गाडी बघायला जाल तेव्हा तुमची नेहमीची बॅग सोबत न्या, टप उघडा ठेवून ती डिकीत घालून बघा आणि मग बाहेर काढून बघा. काढताना जास्त त्रास होतो.

याला अपवाद आहेत. माझदा एमएक्स-५ ची तिसरी पिढी कापडी आणि हार्डटॉप अशा दोन्ही रूपांत आली. तिच्या हार्डटॉपची घडी सीटमागच्या खोबणीतच मावते, त्यामुळे डिकीला धक्का लागत नाही. वजनही साधारण ३७ किलोच वाढलं. पण ती दोन सीटची, छोट्या टपाची गाडी होती म्हणून हे जमलं. चार सीटच्या गाडीत टप लांब असतो, अनेकदा तीन तुकड्यांत मोडावा लागतो, आणि तो ठेवायचा तर गाडीचा मागचा भाग जाड होतो.

आता कापडाकडे येतो, कारण तुमची भीती तिथे आहे. कापडी टप म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर ताडपत्री येते. चांगल्या टपाचं कापड तीन थरांचं असतं. वर ॲक्रिलिक धाग्याची विणलेली बाजू, मध्ये ब्युटाइल रबराचा सलग पातळ थर, आणि आत पॉलिएस्टर किंवा सुती मिश्रणाचं कापड. पाणी अडवतो तो मधला रबराचा थर. वरच्या कापडावर पाणी थेंबांसारखं उभं राहिलं नाही, भिजल्यासारखं दिसलं, म्हणून टप गळतोय असं समजू नका. मात्र वरचं कापड सतत ओलं राहिलं तर त्यात धूळ रुतते, शेवाळ धरतं, आणि मग कापड आतून कुजायला लागतं. या तीन थरांखाली नव्या गाड्यांत इन्सुलेशनचा थर असतो आणि त्याच्या खाली आतलं अस्तर. इतकं सगळं असताना ‘कापडातून पाणी आलं’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांत कापडातून पाणी आलेलं क्वचितच असतं.

स्वस्तातला दुसरा प्रकार म्हणजे व्हिनाइल. तो पुसायला सोपा, पण उन्हाने ताठ होतो आणि दुमडीच्या रेषेवर त्याला तडे जातात. तुमच्या समोरच्या गाडीवर मूळ कापड आहे की कोणी नंतर व्हिनाइल चढवलंय, हे बोट फिरवून कळतं. कापडाला विणीचा खरखरीतपणा असतो.

कापड मरतं कुठे, ते जवळून बघा. टप अर्धा उघडून थांबवा आणि बाजूला उभे राहा. आत लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या कमानी दिसतील. घडी होताना कापड या कमानींच्या मध्ये चिमटलं जातं. दरवाजाच्या काचेच्या वर, मागच्या कोपऱ्याशी, हाताच्या पंजाएवढ्या जागेत बहुतेक टप पहिल्यांदा झिजतात. तिथलं वरचं कापड विरळ होतं, मधला काळा थर डोकावतो, आणि मग एके दिवशी भोक पडतं. बऱ्याचदा यामागे कापडाचा दोष नसतो. कापडाला आत ओढून धरणारे लवचिक पट्टे आणि बाजूच्या तारा असतात. ते सैल झाले की कापड घडी होताना आत न जाता बाहेर फुगतं आणि कमानीच्या सांध्यात सापडतं. पट्टा वेळेत बदलला तर टप वाचतो. म्हणून मी टप बघताना आधी पट्ट्याचा ताण बघतो, रंग नंतर.

दुसरी जागा शिवणीची. कापडाआधी दोरा मरतो. ऊन दोऱ्याला खातं, कापड शाबूत असतं आणि शिवण उसवते. नखाने हलकेच ओरखडा द्या. दोरा तुसासारखा तुटत असेल तर नव्या टपाचे पैसे भावातून वजा करून बोलणी करा. तिसरी जागा मागची काच. जुन्या गाड्यांत ती प्लास्टिकची असायची. एमएक्स-५ लाही पहिल्या पिढीत प्लास्टिकच होतं, काच १९९८ च्या दुसऱ्या पिढीत आली. प्लास्टिक पिवळं पडतं, धुरकट होतं, आणि थंडीत दुमडलं तर चिरतं. खरी काच असेल तर ती कापडाला चिकटवलेली असते, आणि वर्षांनी कडेचा चिकट सुटायला लागतो. काचेच्या चारही कडांवर अंगठा दाबत फिरवा. कुठे फट उघडली तर समजून घ्या.

उघड्यावर उभ्या राहणाऱ्या कापडी टपाला साधारण दहा-पंधरा वर्षांत बदल लागेल असं धरून चाला. छपराखाली राहणारा त्याहून खूप जास्त टिकतो. तरीही कापडाचा मोठा गुण असा की ते बदलता येतं. कुशल कारागीर जुनं उतरवून नवं चढवतो, सांगाडा तोच राहतो, आणि टप पुन्हा नव्यासारखा होतो. खर्च आधी कळतो, एकदाच येतो, आणि पुढची अनेक वर्षं विषय संपतो.

हार्डटॉपचं गणित याच्या उलट आहे. पत्रा वर्षानुवर्षं काही मागत नाही. उन्हाने तो विरत नाही, त्यावर बुरशी धरत नाही, आणि तो गाडीबरोबर धुता येतो. मागतं ते त्याच्या खालचं यंत्र. तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक पंप, टप ढकलणारे अनेक सिलिंडर, कुलपं, आणि प्रत्येक हालचाल पूर्ण झाली की नाही ते कंट्रोल युनिटला (टप चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीला) सांगणारे सेन्सर. टप सुटला, डिकीचं झाकण उलटं उघडलं, तुकडे एकावर एक आले, झाकण बंद झालं: या साखळीतल्या एका सेन्सरने ‘झालं’ असं सांगितलं नाही की सगळं तिथेच थांबतं. टप अर्धा हवेत आणि आभाळ भरून आलेलं, अशी वेळ त्यातून येते. (बटणावर चालणाऱ्या, म्हणजे पॉवर, कापडी टपातही हे यंत्र असतं, पण त्यात हलणारे भाग कमी आणि वजन हलकं, त्यामुळे पंपावर ताण कमी.)

पंपच गेलाय असं समजून आलेल्या हार्डटॉपमध्ये मी पहिल्यांदा डिकीची बिजागरी बघतो. डिकीच्या झाकणात जाणारी वायरिंग तिथे रबराच्या नळीतून वळते. हार्डटॉपमध्ये ते झाकण दोन दिशांना उघडतं, एकदा सामानासाठी आणि एकदा टपासाठी, म्हणजे वायर दुप्पट वाकते. वर्षांनी आतलं तांबं तुटतं, बाहेरून वायर धडधाकट दिसते. नळी मागे सारून एकेक वायर हलक्या हाताने ओढली की तुटलेली वायर रबरासारखी लांबते. ती जोडली की टप चालायला लागतो. हे नीट न तपासता कोणी पंप बदलायला सांगितला तर आधी वायरिंग उघडून दाखवायला सांगा.

दुसरं साधं कारण बॅटरी. टप उचलताना पंप भरपूर करंट ओढतो. बॅटरी म्हातारी असेल तर मध्येच व्होल्टेज पडतं आणि कंट्रोल युनिट काम थांबवतं. म्हणून टप चालवताना इंजिन सुरू ठेवा, कुठल्याही प्रकारचा टप असो. आणि गाडी सपाट जागी उभी करा. एक चाक फुटपाथवर चढवून टप उघडला तर बॉडीला किंचित पीळ बसतो. कापड ते सोसतं. पत्र्याच्या तुकड्यांना ते सोसत नाही. कुलूप खाचेत बरोबर बसत नाही आणि कडेचा रंग उडतो.

तुकड्यांमधली रबरं हाही हार्डटॉपचा नाजूक भाग. कापडी टप पुढच्या काचेच्या चौकटीपासून मागेपर्यंत एकसंध असतो. हार्डटॉपमध्ये जितके तुकडे तितके सांधे, आणि प्रत्येक सांध्यात रबर. रबर सुकलं की खड्ड्यातून जाताना कुरकुर ऐकू येते आणि काही महिन्यांनी पाझर सुरू होतो. रबरं स्वच्छ पुसून त्यांना गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं सिलिकॉन-ग्रीस किंवा तसं वंगण लावणं, हे वर्षातून दोनदा केलं तर कुरकुर सहसा जाते. पेट्रोलियम जेली किंवा इंजिनचं तेल चुकूनही लावू नका. रबर फुगतं, मऊ पडतं आणि आकार सोडतं.

अपघाताचा विचारही करा. हार्डटॉपला मागून जोरात धक्का बसला तर डिकीची चौकट काही मिलिमीटर सरकली तरी टप नीट बसत नाही. साधं डेंटिंग-पेंटिंग करून हे सुटत नाही. तुकड्यांमधल्या फटी मोजून, बिजागऱ्या जुळवून टप पुन्हा बसवावा लागतो. हे काम जाणणारे थोडेच. त्यामुळे मागून ठोकलेली हार्डटॉप गाडी मी कितीही स्वस्त असली तरी घ्यायला सांगत नाही.

आवाजाचं बोलू. बंद हार्डटॉप शांत असतो हे खरं आहे, आणि मोठ्या ट्रकच्या शेजारून जाताना फरक कळतोच. ट्रकच्या चाकांचा आवाज कापडातून आत येतो. पण हमरस्त्यावर जो वाऱ्याचा शिट्टीसारखा आवाज त्रास देतो तो बहुतेक वेळा टपातून येत नाही, दरवाजाच्या काचेच्या वरच्या कडेतून येतो. या गाड्यांच्या काचांना चौकट नसते. दरवाजा उघडताना काच थोडी खाली सरकते आणि दरवाजा बंद केला की पुन्हा वर जाऊन रबरात बसते. ती एक-दोन मिलिमीटर कमी चढली तर हार्डटॉपही शिट्टी वाजवतो. चांगल्या इन्सुलेशनचा कापडी टप आणि नीट जुळवलेली काच असेल, तर वयस्कर, सैल सांध्यांच्या हार्डटॉपपेक्षा तो शांत असतो. दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, त्याच वेगाने, रेडिओ बंद ठेवून चालवा. माझ्या शब्दावर जाण्याची गरज नाही.

पाणी गळण्याचंही तसंच. गळतीची पहिली संशयित जागा पुढच्या काचेच्या खांबाचा वरचा कोपरा, जिथे टप, काच आणि दरवाजाची तीन रबरं एकत्र येतात. तिथून थेंब गुडघ्यावर पडतो. दुसरी जागा दिसत नाही आणि तीच जास्त नुकसान करते: टपावरून आलेलं पाणी मागच्या पन्हाळीत जमतं आणि नळ्यांतून खाली जातं. या नळ्यांत पानं, माती आणि कापडाचे तंतू साचले की पन्हाळ भरते आणि पाणी सीटमागून आत उतरतं. कार्पेट वरून कोरडं वाटतं, खालचा फोम भिजलेला असतो, आणि बऱ्याच गाड्यांत तिथे जवळच कंट्रोल युनिट किंवा वायरिंगचे जोड असतात. टप कापडी असो वा पत्र्याचा, नळ्या दोन्हीकडे असतात. वर्षातून दोन-तीनदा हळूहळू पाणी ओतून बघा की ते गाडीखाली पडतंय का. तुंबली असेल तर मऊ प्लास्टिकची तार फिरवा. जोराची हवा मारू नका, कारण आत कुठेतरी जोड निसटतो आणि मग पाणी थेट गाडीत जातं.

चोरीबद्दल तुमची चिंता रास्त आहे. ब्लेडने कापड कापता येतं आणि पत्रा कापता येत नाही. मात्र आत काही दिसत नसेल तर टप फाडण्याचं कारणही उरत नाही. बॅग, चार्जर, जॅकेट काहीही बाहेर ठेवू नका, डॅशबोर्डमधला कप्पा रिकामा ठेवा. तरीही तुमची गाडी रात्रभर निर्जन रस्त्यावर उभी राहणार असेल, तर इथे हार्डटॉपचा फायदा खरा आहे आणि मी तो कमी लेखत नाही. विमा काढण्याआधी दोन्ही गाड्यांसाठी वेगवेगळा हप्ता विचारून घ्या, आणि टप फाडला गेला तर भरपाई कशी मिळते तेही लेखी घ्या.

आतापर्यंतचं जुळवतो: कापडाचा खर्च हळूहळू येतो आणि आधी दिसतो, हार्डटॉप वर्षानुवर्षं गप्प असतो आणि बिघडला की एकदम मोठं काम काढतो. उघड्यावर उभं राहणं कापडाला बाधतं, वय हार्डटॉपला.

राहिला प्रश्न तुम्ही टप किती वेळा उघडाल, आणि तो लोक विचारतच नाहीत. अलीकडचे अनेक पॉवर कापडी टप गाडी चालत असताना, ताशी साधारण ५० किलोमीटर वेगापर्यंत उघड-बंद होतात. सिग्नलला थेंब पडायला लागले तर चालता चालता बंद करता येतो. बहुतेक हार्डटॉपसाठी थांबावं लागतं किंवा अगदी सावकाश चालावं लागतं. एमएक्स-५ आरएफची, म्हणजे त्या गाडीच्या नंतरच्या हार्डटॉप रूपाची, मर्यादा ताशी १० किलोमीटर आहे. शिवाय हार्डटॉप उघडताना तुकडे वर आणि मागे जातात. तळघरातल्या पार्किंगचं छत ठेंगणं असेल किंवा मागे भिंत चिकटून असेल तर तिथे उघडताच येत नाही. हाताने चालणारा छोटा कापडी टप तर सीटवर बसल्या बसल्या एका हाताने मागे टाकता येतो. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत कापडी टपवाले जास्त वेळा टप उघडतात असं मला दिसतं. ज्याला उघडणं सोपं, तो उघडतो. कन्व्हर्टिबल घेऊन टप उघडायचाच नसेल, तर तिचं जास्तीचं वजन आणि महागडा टप सांभाळण्यात मला अर्थ दिसत नाही. तशा माणसाने सरळ कूपे घ्यावी.

तिसरा पर्यायही सांगतो, कारण तुम्ही बघताय त्या वयाच्या गाड्यांत तो सापडतो: कापडी टप असलेल्या गाडीवर वेगळा, काढता येणारा हार्डटॉप. होंडा एस-२००० आणि एमएक्स-५ च्या पहिल्या पिढ्यांसाठी ते मिळायचे. पावसाळी किंवा थंड महिने तो लावून ठेवायचा, बाकी वेळ काढून ठेवायचा. बंद असताना गाडी थोडी घट्टही वाटते. अडचण ठेवण्याच्या जागेची आणि उचलायला लागणाऱ्या दुसऱ्या माणसाची. आणि एक पथ्य: खाली घडी करून ठेवलेलं कापड पूर्ण कोरडं असलं पाहिजे. ओलं कापड महिनोन्‌महिने दुमडून राहिलं की त्याला काळे डाग पडतात, ते कुठल्याही साबणाने निघत नाहीत. जागा असेल तर हा पर्याय मला फार आवडतो.

आता तुमच्याबद्दल. गाडी रोजची, उघड्यावर, आणि वापरलेली. गाडी नवी किंवा चार-पाच वर्षांची असती आणि रात्री रस्त्यावर उभी राहणार असती, तर मी हार्डटॉपकडे झुकलो असतो. पण तुम्ही म्हणता गाड्या दहा वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. या वयात मी कापडी गाडी घेईन, एका अटीवर: टप बदलण्याचा खर्च भावातून वजा होत असला पाहिजे किंवा टप अलीकडेच चांगल्या कापडात बदललेला असला पाहिजे. हार्डटॉप घ्यायचाच असेल तर त्याच्या दुरुस्तीची पावती आणि नोंदी मागा. ‘कधी काही झालंच नाही’ यापेक्षा ‘अमुक साली सिलिंडर बदलले’ हे ऐकून मला जास्त बरं वाटतं.

बघायला जाल तेव्हा विक्रेत्याला सांगा की इंजिन थंड असताना टप उघडून दाखवा, मग गाडी अर्धा तास फिरवून पुन्हा दाखवा. थकलेलं सिलिंडर दुसऱ्या वेळी उघडं पडू शकतं. टप मध्येच धक्का खाऊन थांबला, एक बाजू मागे राहिली, पंपाचा आवाज रडल्यासारखा आला, तर पुढे जाऊ नका. सीटच्या खांद्यांवर, आतल्या अस्तरावर तेलाचे डाग शोधा. सीट पुढे सारून मागच्या कार्पेटखाली हात घाला आणि डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्यात टिश्यूचा कागद दाबून बघा. कुबट वास आला आणि त्यावर सुगंधी फवारा मारलेला असेल तर सरळ निघा. टप बंद करून बाटलीने पुढच्या कोपऱ्यांवर सावकाश पाणी सोडा. प्रेशर पाइपने मारलेलं पाणी काहीच सिद्ध करत नाही, त्या जोराने चांगलं रबरही हार मानतं. आणि गाडीची वीज गेल्यावर टप हाताने कसा बंद करायचा ते पुस्तकात कुठे लिहिलंय, ते त्याच्याकडूनच काढून घ्या, त्यासाठी लागणारा पाना किंवा चावी गाडीत आहे का तेही बघा. जुन्या गाड्यांत ती हटकून हरवलेली असते.

कापडी घेतलीत तर पहिल्याच आठवड्यात टप मऊ ब्रशने आणि साध्या, सौम्य शाम्पूने धुवा, पूर्ण वाळू द्या, आणि कापडासाठीचं पाणीरोधक द्रव्य मारा. मारताना काच आणि रंग झाकून घ्या. पक्ष्यांची घाण ओली पुसू नका, ती विणीत चोळली जाते. भरपूर पाण्याने लगेच धुऊन काढा. ब्रशच्या ऑटोमॅटिक वॉशमध्ये गाडी नेऊ नका, तिथलं मेण कापडाला चिकटतं. झाडाखाली उभी करू नका. आणि भिजलेला टप घडी करावाच लागला, तर घरी आल्यावर लगेच बंद करून वाळत ठेवा.

दोन्ही गाड्यांचं साल आणि कापडी गाडीच्या मागच्या कोपऱ्याचा एक जवळून काढलेला फोटो पाठवलात, तर ते कापड किती चालेल याचा अंदाज मी सांगू शकेन.